आग रोखणारी रसायनं भाजीच्या पानापर्यंत कशी पोचतात

जुन्या डबा टीव्हीच्या मागचं काळं झाकण निव्वळ प्लास्टिकचं नसायचं. बऱ्याच झाकणांत डेकाबीडीई नावाची पांढरी भुकटी मिसळलेली असे, आणि तीही थोडीथोडकी नाही, झाकणाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. आत एखादी तार तापून ठिणगी उडाली तर झाकणाने झटकन पेट घेऊ नये, घरातल्यांना बाहेर पडायला चार मिनिटं जास्त मिळावीत, एवढ्यासाठी. भिंतीला भिंत लागून घरं असलेल्या मुंबईत त्या चार मिनिटांचं मोल काय असतं ते चाळीत राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यामुळे अग्निरोधक रसायनं मुळात कशाला आणली, असा सवाल मी करणार नाही. मला बोलायचंय ते टीव्ही भंगारात गेल्यानंतरच्या गोष्टीबद्दल. ही रसायनं मातीत उतरतात, मुळांना भिडतात, काही झाडात चढतात आणि झाडाला इजा करतात. त्यातही एक बाब मला फार अस्वस्थ करते: जुन्या रसायनांवर बंदी आली आणि त्यांच्या जागी जी नवी आली, ती पानात जुन्यांपेक्षा कितीतरी सहज पोचतात.

आधी ती आग कशी रोखतात ते पाहू. प्लास्टिक पेटतं तेव्हा ज्वाळा होते ती त्यातून सुटणाऱ्या वायूंची. या ज्वाळेत हायड्रोजनचे आणि हायड्रॉक्सिलचे अतिशय चंचल कण असतात. एक कण नवे कण तयार करतो, ते आणखी नवे, आणि आग पसरत जाते. ब्रोमीन असलेलं रसायन तापलं की त्यातून हायड्रोजन ब्रोमाइड सुटतो आणि हे चंचल कण पकडून ठेवतो. साखळी तुटते, ज्वाळा मंदावते. फॉस्फरस असलेली बरीचशी रसायनं वेगळ्या वाटेने जातात. ती जळत्या पृष्ठभागावर कोळशासारखा थर धरतात, त्यामुळे आतल्या भागाला उष्णता कमी पोचते.

मुख्य कुटुंबं साधारण तीन-चार. पीबीडीई, ज्याचे २०९ प्रकार संभवतात आणि डेकाबीडीई हा त्यातला दहा ब्रोमीनवाला सगळ्यात मोठा रेणू. एचबीसीडी, जे इमारतींच्या उष्णतारोधक थर्मोकोलमध्ये वापरत. टीबीबीपीए, जे सर्किट बोर्डात असतं. आणि फॉस्फरसवाली मंडळी: टीसीईपी, टीसीपीपी, टीपीएचपी वगैरे, जी सोफ्याच्या फोममध्ये, रेक्झिनमध्ये, प्लास्टिक लवचिक करण्यासाठी, अशी सगळीकडे आढळतात. यांतली बहुतेक प्लास्टिकमध्ये नुसती मिसळलेली असतात, रासायनिक बंधाने जखडलेली नसतात. सर्किट बोर्डातलं टीबीबीपीए मात्र बहुतांशी रेझिनला बांधलेलं असतं. जी नुसती मिसळलेली असतात ती वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपत राहतात. घरातल्या धुळीत ती सापडतात ती याच कारणाने.

ती निसर्गात साठतात हे कळलं त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. १९८१ मध्ये स्वीडनमधल्या विस्कान नदीच्या माशांमध्ये पीबीडीई सापडलं. पुढे त्याच देशात साठवून ठेवलेल्या आईच्या दुधाचे जुने नमुने तपासले तेव्हा १९७२ ते १९९७ या काळात त्यातलं पीबीडीई दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेल्याचं दिसलं. मग जग हललं. टिकाऊ विषारी रसायनं जगभरातून हटवण्यासाठीच्या स्टॉकहोम करारात पीबीडीईचे पेंटा आणि ऑक्टा हे व्यापारी प्रकार २००९ मध्ये, एचबीसीडी २०१३ मध्ये आणि डेकाबीडीई २०१७ मध्ये आलं. भारताने मार्च २०१८ मध्ये अधिसूचना काढून अशा सात टिकाऊ रसायनांवर बंदी घातली. त्यात पेंटा आणि ऑक्टातले पीबीडीई आहेत, एचबीसीडी आहे. डेकाबीडीई त्या सातांत नाही. नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत पीबीडीई वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नसावं, असा नियम मात्र ई-कचऱ्याच्या नियमांत आहे. पण नियम नव्या वस्तूंना लागतो. गेल्या तीस वर्षांतले टीव्ही, मॉनिटर, कीबोर्ड आज भंगारात येतायत.

मुंबईत हे भंगार कुठून कुठे जातं ते आपण रोज बघतो, फक्त तिकडे लक्ष देत नाही. दारावर आलेला भंगारवाला, मग गल्लीतलं गोदाम, मग कुर्ला, साकीनाका, धारावी. तिथे हातोड्याने वस्तू फोडतात, बोर्ड वेगळे, तारा वेगळ्या, प्लास्टिक वेगळं. प्लास्टिक दळतात, धुतात, वितळवून त्याचा दाणा करतात. हे काम करणाऱ्या माणसांमुळे या शहराचा किती कचरा पुन्हा वापरात येतो याची मला जाणीव आहे, आणि या धुळीचा पहिला मारा त्यांच्याच छातीवर होतो. ती धूळ पत्र्यांवर बसते. जून उजाडला की पाऊस ती गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून मिठी नदीत नेतो. तांब्यासाठी तारा जाळल्या, किंवा जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागली तशी कचऱ्याच्या डोंगराला आग लागली, तर वाट आणखी वाईट: ब्रोमीनवालं प्लास्टिक अर्धवट जळताना ब्रोमीनयुक्त डायॉक्सिन तयार होतात, आणि ती मूळ रसायनापेक्षा कितीतरी विषारी असतात. मुंबईसह चार महानगरांत ई-कचरा फोडण्याच्या जागांची माती संशोधकांनी तपासली आहे आणि तिथे पीसीबीसारखी (जुन्या विद्युत उपकरणांतली क्लोरीनयुक्त रसायनं) टिकाऊ विषं सापडली आहेत.

आणि याच शहरात नाल्याकाठी अळू वाढतं. रेल्वेच्या रुळांलगत पालक, माठ, मुळा यांचे वाफे काही ठिकाणी अजून दिसतात.

मुळाच्या सालीपाशी काय घडतं

आमटीचा तेलकट पिवळेपणा प्लास्टिकच्या डब्याला कसा धरून बसतो, दहादा घासला तरी जात नाही, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. पाण्यापेक्षा तेलात जास्त रमणारा पदार्थ तेलकट किंवा मेणचट जागा शोधतो. डेकाबीडीईची ओढ तशीच, पण अतिटोकाची: पाण्यापेक्षा तेलकट पदार्थात राहण्याकडे त्याचा कल कोट्यवधी पट जास्त. मातीत पडलं की ते कुजलेल्या पालापाचोळ्यातल्या सेंद्रिय कणांना चिकटतं. मुळाजवळ आलं तर मुळाच्या बाहेरच्या थरातल्या स्निग्ध द्रव्यात अडकतं. म्हणून मुळा आणि गाजर यांच्या सालीकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

याच्यापुढे मुळात एक अडथळा आहे, कास्पारी पट्टा. मुळाच्या आतल्या एका थरातल्या पेशींच्या भिंतींवर मेणचट द्रव्याचा हा पट्टा असतो. बाहेरून आलेलं पाणी इथपर्यंत पेशींच्या फटींतून येऊ शकतं, पण इथून पुढे जायचं तर पेशीच्या पटलातून गाळूनच जावं लागतं. डेकासारखा अवजड, पाण्याला फटकून असणारा रेणू बहुधा इथेच थांबतो.

याचा एक जुना, दुःखद पुरावा अमेरिकेत आहे. १९७३ मध्ये मिशिगन राज्यात गुरांच्या खाद्यात घालायच्या खनिजाच्या जागी चुकून पीबीबी नावाच्या ब्रोमीनयुक्त अग्निरोधकाच्या गोण्या गेल्या. दोन्हींची व्यापारी नावं ऐकायला सारखीच होती. हजारो गुरं आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्यांच्या शेणातून शेतंही दूषित झाली होती, तेव्हा तिथल्या संशोधकांनी पिकं लावून बघितली. गवतात पीबीबी सापडलं नाही, गाजराच्या मुळात नाममात्र आढळलं. जुन्या, मोठ्या रेणूंबाबत मुळांनी झाडाला बऱ्यापैकी राखलं, असं यातून दिसतं.

काही पिकं मात्र याला अपवाद आहेत. भोपळावर्गातल्या काही जाती, विशेषतः झुकिनी, असे तेलकट प्रदूषक मुळातून वर खेचण्यात इतर पिकांच्या फार पुढे असतात. त्यांच्या रसात काही खास प्रथिनं असतात, ती या रेणूंना आपल्यात सामावून खोडातून वर नेतात. शिवाय मूळ हा एकच रस्ता नाही. हवेतली धूळ आणि वाफ पानावर बसते आणि पानाच्या मेणाच्या थरात मुरते. पालक, माठ, मेथी यांच्या पसरट पानांना हा धोका कांद्या-बटाट्यापेक्षा जास्त.

झाडाला नेमकं काय होतं

प्रयोगशाळेत गहू, मका, मुळा, भात, राय गवत अशा अनेक पिकांवर ही रसायनं देऊन पाहिली गेली आहेत, आणि बहुतेक प्रयोगांत पहिली तक्रार मुळाचीच असते. मुळाचं टोक हा झाडाचा सतत वाढणारा भाग, तिथे पेशी सारख्या विभागत असतात. विभाजन मंदावलं की मूळ आखूड राहतं, केसमुळं कमी फुटतात, पाणी आणि नत्र-स्फुरद ओढण्याची ताकद घटते. विज्ञान शाखेत शिकलेल्यांनी कांद्याच्या मुळाची टोकं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पेशीविभाजन पाहिलेलं असतं. तोच कांदा जगभर विषारीपणाच्या चाचणीसाठी वापरतात. रसायन घातक असेल तर गुणसूत्रं नीट वेगळी होत नाहीत, तुटके तुकडे मागे राहतात, ते मोजता येतात. एचबीसीडी दिलेल्या मक्याच्या रोपांत बी उगवण्यापासून वाढीपर्यंत सगळं खुंटलं आणि डीएनएला इजा झाल्याच्या खुणाही दिसल्या.

आतली कथा अशी. पानातल्या हरितलवकांत आणि पेशींच्या ऊर्जाकेंद्रांत सतत इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण चालू असते. परकं रसायन त्यात घुसलं की काही इलेक्ट्रॉन वाट चुकून ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी आक्रमक ऑक्सिजन संयुगं तयार होतात. निरोगी झाडातही ती थोडी असतातच, झाड त्यांचा उपयोग निरोप धाडण्यासाठीही करतं. ती बेसुमार वाढली की पेशीच्या पटलातली चरबी खवट होऊ लागते. शास्त्रज्ञ या खवटपणाची खूण म्हणून मॅलोनडायअल्डिहाइड नावाचा पदार्थ मोजतात. झाड गप्प बसत नाही. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, पेरॉक्सिडेज ही विकरं ते जास्त बनवू लागतं. म्हणून कमी मात्रेत या विकरांचं प्रमाण चढलेलं दिसतं, आणि मात्रा वाढत गेली की एका टप्प्यानंतर ते कोसळतं. कधी कधी तर अगदी कमी मात्रेत रोप जरा जास्तच तरारतं. ते बघून ‘म्हणजे रसायन निरुपद्रवी आहे’ असा अर्थ काढणं चूक. रोपाने बचावासाठी शक्ती ओतल्याची ती खूण असू शकते.

पानांत हरितद्रव्य घटतं, प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेचा वेग मंदावतो. बाहेरून बघणाऱ्याला फार तर पान थोडं फिकट वाटेल, आणि शेतकरी त्याला नत्राची कमतरता समजून युरिया टाकेल. नेमकी हीच अडचण आहे: या विषबाधेचं पानावर असं कुठलंही खास चिन्ह उमटत नाही, जे पाहून ओळखावं.

झाड या रसायनांवर कामही करतं. संशोधक झाडाच्या या क्षमतेला हिरवं यकृत म्हणतात. आधी रेणूत फेरफार, मग त्याला साखरेची किंवा ग्लुटाथायोनची जोड, मग पेशीच्या कोशात किंवा भिंतीत त्याची रवानगी. पीबीडीईच्या बाबतीत या फेरफारात ब्रोमीन निघून जातात आणि काही वेळा त्यांच्या जागी हायड्रॉक्सिल गट येतात. मक्यावरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे. ब्रोमीन कमी झाला की रेणू लहान होतो, जास्त फिरतो. हायड्रॉक्सिल जोडला गेला की तो आपल्या थायरॉइडच्या संप्रेरकासारखा दिसू लागतो, कारण थायरॉक्सिनची घडणही अशीच आहे, दोन कडी, त्यांवर आयोडीनचे अणू आणि एक हायड्रॉक्सिल. रक्तात थायरॉक्सिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाला असे बदललेले रेणू चिकटू शकतात. भाजीतून पोटात जाणारं प्रमाण फार अल्प असतं हे खरं. पण झाडात गेलेलं रसायन झाडात गेलं तसंच राहतं असं धरून फक्त मूळ रसायन तपासलं, तर अर्धा हिशेब सुटतो.

मात्रेचा प्रश्न

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायलाच हवी. वर सांगितलेले बरेचसे परिणाम प्रयोगशाळेत, साध्या शेतजमिनीत आढळतात त्याच्या कितीतरी पट मात्रा देऊन पाहिलेले आहेत. नाशिक-पुण्याहून वाशीच्या बाजारात येणाऱ्या भाजीचं उत्पन्न अग्निरोधकांमुळे घटतंय, असं म्हणायला आधार नाही. धोक्याच्या जागा मर्यादित आहेत: ई-कचरा फोडण्याच्या वस्त्या, कचराभूमींचा शेजार, सांडपाण्यावर किंवा त्याच्या गाळावर पोसलेली जमीन. चीनमध्ये ग्वेयू आणि ताइझोऊ इथल्या ई-कचरा पट्ट्यांत भातात आणि भाज्यांत ही रसायनं मिळाली आहेत, आणि तिथे ती एकटी नसतात, जोडीला शिसं, कॅडमियम, तांबं असतं. सगळ्यांनी मिळून केलेला मार एकेकट्याच्या मारापेक्षा वेगळा असू शकतो. आपल्या नाल्याकाठच्या भाजीबाबतही माझी पहिली काळजी जड धातूंची आणि मैलापाण्यातल्या जंतूंचीच राहील. अग्निरोधकं त्यानंतर येतात. फरक एवढाच की जंतू शिजवून मरतात, ही रसायनं मरत नाहीत.

युरोपीय अन्नसुरक्षा यंत्रणेने २०२४ मध्ये पीबीडीईबद्दल पुन्हा चिंता व्यक्त केली. ही रसायनं चरबीत साठतात, म्हणून मासे, मांस, दूध यांच्याकडे त्यात जास्त बोट होतं. मग भाजीचं काय? भाजीच्या बाबतीत माझं लक्ष फॉस्फरसवाल्या नव्या रसायनांवर आहे.

टीसीईपी एक लिटर पाण्यात सुमारे ७ ग्रॅम विरघळतं. डेकाबीडीई तेवढ्याच पाण्यात ग्रॅमचा एक कोट्यंशही विरघळत नाही. या एका फरकाने सगळं पालटतं. पाण्यात विरघळणारा रेणू मातीच्या कणांना चिकटून बसत नाही, मुळांतून पाण्याबरोबर आत येतो, कास्पारी पट्टा पार करतो आणि बाष्पोच्छ्वासाच्या ओढीने थेट पानात जातो. पानातून पाणी उडून जातं, रसायन मागे राहतं. ऑक्टोबर आणि मे महिन्याच्या उकाड्यात रोप जितकं जास्त पाणी ओढेल तितकं हे जास्त. २०१३ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी धान्य, चारा आणि गाजर यांवर हे करून पाहिलं तेव्हा टीसीईपी आणि टीसीपीपी पानांत मातीतल्या प्रमाणाच्या कित्येक पट साठलेलं दिसलं. गव्हावरच्या प्रयोगांतही हाच कल निघाला: पाण्यात सहज विरघळणारे वर चढले, टीपीएचपीसारखे तेलकट मुळात राहिले.

टीसीईपी युरोपात प्रजननाला घातक म्हणून नोंदलेलं आहे. म्हणजे एका रसायनाला काढून दुसरं आणताना आग किती रोखतं ते बघितलं गेलं, पानात किती चढतं ते बघितलं गेलं नाही. असं आधीही झालं होतं. अमेरिकेत मुलांच्या झोपायच्या कपड्यांत ट्रिस नावाचं ब्रोमीनवालं अग्निरोधक वापरत, ते जनुकांना इजा करतं हे कळल्यावर १९७७ मध्ये बंद झालं, आणि त्याच्या जागी क्लोरीनचं ट्रिस आलं, जे स्वतः तितकंच संशयास्पद निघालं. नव्या अग्निरोधकाला परवानगी देण्याआधी त्याची पाण्यातली विद्राव्यता आणि पिकात चढण्याची क्षमता तपासणं सक्तीचं असायला हवं. ही चाचणी अवघड नाही. कुंडी, माती, पालकाचं बी आणि एक बरी प्रयोगशाळा एवढंच लागतं.

घरापुरतं काय करता येईल? मुळा-गाजर सोलून घ्या, पालेभाजी तीन पाण्यांतून धुवा. धूळ आणि सालीतला भाग यातून बराच जातो. पानाच्या आत चढलेलं टीसीईपी धुऊन जात नाही, त्यामुळे भाजी कुठल्या पाण्यावर वाढली हे विचारणं जास्त कामाचं. गच्चीवर किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये भाजी लावणाऱ्यांनी जुन्या सोफ्याचा किंवा गाडीच्या सीटचा फोम ओलावा धरायला कुंडीत घालू नये. टीव्ही-कॉम्प्युटरच्या प्लास्टिकच्या खोक्यांची कुंडी करू नये. एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी बरेच जण झाडांना घालतात. पण एसीची जाळी धुतलेलं पाणी आणि केराची धूळ मेथीच्या कुंडीत टाकू नका, कारण घरातली अग्निरोधकं नेमकी त्या धुळीत असतात. पावसाळ्यापूर्वी नालेसफाईत काढलेला काळा गाळ सुपीक दिसतो आणि फुकट मिळतो. तो खाण्याच्या झाडांना वापरू नये.

ज्यांची जमीन आधीच संशयास्पद आहे त्यांच्यासाठी बायोचार हा एक उपाय अभ्यासला गेलाय. भाताचं तूस किंवा लाकूड कमी हवेत जाळून केलेला हा कोळसा मातीत मिसळला की तेलकट रसायनं त्याला घट्ट धरून राहतात आणि मुळांच्या वाट्याला कमी येतात. चांगलं कुजलेलं कंपोस्टही काही प्रमाणात हेच करतं. पाण्यात विरघळणाऱ्या टीसीईपीवर मात्र या दोन्हींची पकड सैल पडते. अशा जमिनीत पालेभाजीऐवजी फुलझाडं लावावीत, झेंडू लावावा, आणि भाजीसाठी वाफा उंच करून त्यात बाहेरची खात्रीची माती घालावी.